आपल्याकडे फर्निचर वाढतं

मंगळवार, ४ मार्च

धाकटे,

सुतार मुक्या मावशीचा पाय कापतोय, त्यामुळे टेबल हलतंय आणि माझं अक्षरही. समजून घे. तू बरी असशील, तुझा नवरा बरा असेल, तलाव भरलेला असेल. इथे ठीक.

मावशीला तू विसरली नसशील. नाव तूच दिलंस. आईच्या ऐन तारुण्यातल्या मापावर बाबांनी करून घेतलेली कापडी पुतळी, डोकं नाही, हात नाहीत, एका लाकडी खांबावर उभी. तू तिला घाबरायचीस. मग एकदा तिला मुकी मावशी म्हणालीस आणि घाबरणं संपलं. आईनं सगळं शिवणकाम तिच्यावर केलं, आता मी करते. आईचं आणि माझं माप एकच, म्हणून स्वतःचे कपडे शिवताना मला आरसा लागला नाही कधी. मावशीला घालायचं, जमिनीपासून पट्टी लावून दुमड टाचायची, झालं.

यंदा स्वतःसाठी राखाडी लोकरीचा कोट शिवायला काढला. मावशीच्या अंगावर सरळ रेषेत. माझ्या अंगावर दोन बोटं खाली, आणि पुढून लोंबलेला. उसवला, परत केला. परत तेच. मग लक्षात आलं, मावशीचा खांब वर आलाय. जुनं लाकूड, फुगलं असेल. सुतारानं खांब फिरवून पाहिला, म्हणाला फुगलेला वाटत नाही. मी म्हटलं, तुम्ही कापा, माप मी देते. गिऱ्हाइकाचं ठरलेलं असलं की आपण जो चेहरा करतो तो त्यानं केला आणि करवत काढली.

बाकी काय. कंबर जरा धरलीय. थंडीत कापडाचा गठ्ठा उचलताना पाठीत कळ आली होती, ती अजून अधूनमधून भेटायला येते. वयाचं आहे. तुझी पाठ कशी आहे? सहज विचारलं.

फोन करणार होते. पण फोनवर तू 'हं' म्हणतेस, मी 'बरं' म्हणते आणि आपण ठेवून देतो. कागदावर निदान पान तरी भरतं.

सुताराचं झालं. मावशी आता माझ्या उंचीला आली.

ताई

&nbsp;

गुरुवार, २० मार्च

धाकटे,

उत्तर आलं नाही. येईल असं धरून चालले नव्हते, तेव्हा रुसवा नाही. आधी हसण्यासारखं सांगते.

समोरच्या शाळेच्या हेडबाई माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांची उंची मावशीइतकी, बोटभर इकडेतिकडे नाही, त्यामुळे त्या घालून बघायला कधी येत नाहीत. परवा त्यांचा स्कर्ट शिवून पाठवला. काल त्या तो घालून दुकानाच्या दारात. नेहमी गुडघ्याखाली असतो तो गुडघ्याला टेकलेला. वर्गात बोलतात त्याच आवाजात म्हणाल्या, "बाई, मी या वयात वाढले की काय?"

मी म्हटलं, लांडा झाला, दुमड सोडून देते. त्या गेल्या. मी कात्री हातात धरून मावशीसमोर उभी राहिले. हेडबाई वाढलेल्या नव्हत्या. खांबही वाढलेला नव्हता. उरलं कोण?

शटर अर्धं ओढलं, भिंतीला पाठ लावली, डोक्यावर पुस्तक धरून खूण केली. मग टेप लावून माझ्या जुन्या उंचीशी ताडून पाहिलं. दोन बोटं. माझीच.

तुला आठवतं का, आई म्हणायची कपाटाचा वरचा कप्पा कोणीतरी वर सरकवलाय? बाबांनी वाद नको म्हणून तो खाली घेऊन दिला होता. आणि आजी म्हणायची, दाराची पायरी उंच झाली, गवंड्यानं फसवलं. आपल्याकडे बायका आखूड होत नाहीत, फर्निचर वाढतं. मी तर चांगला सुतार बोलावला.

आता दुसरं.

डॉक्टरकडे गेले. डॉक्टरीणबाई माझी मुलगी शोभतील अशा वयाच्या, हात गार, विनोद करत नाहीत. त्यांनी पाठीचा एक्स-रे उजेडापुढे धरला. मणके म्हणजे एकावर एक ठेवलेले चौकोनी ठोकळे. त्यातला एक पुढून दबून पाचरीसारखा झालेला. म्हणाल्या, कधी पडलात? म्हटलं, पडले नाही. काही जड उचललं होतं? मग गठ्ठ्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तेव्हा मोडला तो. आणि त्याच पाठीनं तुम्ही आख्खा हिवाळा मशीन चालवलंत."

मग हाडं किती भरीव आहेत ते बघायचं यंत्र. आपण निजायचं, वरून एक हात सरकत जातो. दुखत नाही. माझा आकडा माझ्या वयाच्या बायकांतही खालचा आला. त्यांनी विचारलं, आईचं काही? म्हटलं, खुबा मोडला होता. कसा? म्हटलं, दुकानात मापाला उभं राहायच्या ठोकळ्यावरून उतरताना. त्यांनी लिहून घेतलं. बहीण आहे का? आहे, धाकटी, पोहायला शिकवते. तिची पाळी गेली का?

मला सांगता आलं नाही. सख्ख्या बहिणीचं एवढंही मला ठाऊक नाही, हे मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं.

त्या म्हणाल्या, तिलाही तपासून घ्यायला सांगा. म्हणून सांगतेय. चहा गार व्हायला लागतो तेवढाही वेळ लागत नाही. करून घे.

ताई

&nbsp;

२९ मार्च

ताई,

दोन्ही पत्रं मिळाली. गठ्ठे उचलू नकोस. कोणालातरी मदतीला ठेव. हे मनापासून.

बाकीचं माझ्यासाठी नाही. मी बाबांवर गेलेय, हे घरात सगळ्यांनी मला इतकं सांगितलं की ते पाठ झालं. पाय बाबांचे, खांदे बाबांचे, नाकसुद्धा. आईचे कपडे उतरून तुझ्याकडे यायचे. मला व्हायचेच नाहीत. शिवण, मावशी, माप, सगळं तुम्हा दोघींचं. आता वाटणीला फक्त हाडं उरली, तर ती मला देतेस होय?

मी रोज पोहते. माझ्या वयाच्या बायका जिने चढताना धापा टाकतात. शिवाय वेळ नाही. हिवाळ्यात तलाव रिकामा करून नव्या फरशा बसवल्या, तेव्हापासून पाणी जास्त भरतायत. उथळ भागात माझ्या काखेखाली राहायचं ते आता काखेला लागतं. मॅनेजर म्हणतो पातळी तीच आहे. त्याच्याशी रोज वाद. लहान मुलं असतात, कोणाला तरी बोलायला हवं.

तू लिहिलंस, 'ठोकळ्यावरून उतरताना'. आणि तिथेच थांबलीस. नेहमीसारखी.

धाकटी

&nbsp;

शुक्रवार, ४ एप्रिल

धाकटे,

थांबले, कारण माझ्या तोंडात टाचण्या होत्या. त्या दिवशीही.

आई ठोकळ्यावर उभी होती. मी खाली गुडघ्यांवर, तिच्या झग्याची दुमड टाचत होते. आत किटली शिट्टी घालायला लागली. आई वळली. मला आवाज आला, वाळकी काटकी मोडावी तसा. मग ती माझ्या अंगावर आली. आधी आवाज, मग पडणं. 'थांब' म्हणायला तोंड मोकळं नव्हतं, आणि म्हटलं असतं तरी काटकी मोडून झाली होती.

हे मी कोणाला सांगितलं नाही. सबब वाटली असती. परवा डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, कधीकधी तसं होतं, हाड आधी जातं आणि माणूस नंतर पडतं. बहुतेकदा उलट होतं. एका आठवणीवरून त्या काही सांगणार नाहीत. तेव्हा मलाही माहीत नाही. दवाखान्यात तू म्हणालीस, "तुझ्याकडे होती ती." होती. पण तिची हाडं काही माझ्याकडे आल्यावर झिजायला लागली नव्हती. आपण दोघी तिला म्हणायचो, आई, ताठ उभी राहा. तुझा आवाज माझ्यापेक्षा मोठा होता.

तो ठोकळा तेव्हापासून कपाटाखाली आहे. गिऱ्हाइकांना जमिनीवर उभं करते आणि मीच वाकून टाचते. आता डॉक्टरीणबाईंनी वाकायला बंदी केलीय. बघू.

बाबांवर जाण्याचंही विचारलं. रागावू नकोस, तुझं नाक त्यांना सांगितलं. त्या पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, हाडाचा भरीवपणा निम्म्याहून जास्त आईबापांकडून येतो, पण तो एका ठिकाणी लिहिलेला नसतो. शेकडो जनुकं, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. कोणाची चिमूट कोणाकडे गेली ते चेहऱ्यावरून कळत नाही. नाक बाबांचं आणि मणके आईचे असू शकतात. किंवा माझ्यासारखी सगळी आईवर गेलेली दिसते आणि आत काही बाबांचं निघतं. म्हणून तर यंत्र.

मी म्हटलं, म्हणजे कापडासारखं. मिळालं ते मिळालं. त्या म्हणाल्या, तसं नाही. कापड एकदा विणून झालं की झालं. हाड रोज थोडं उसवतं आणि रोज थोडं विणलं जातं. पाळी गेली की उसवणं पुढे धावतं आणि विणणारा मागे पडतो. औषध उसवणाऱ्याला आवरतं. पाठीचं पुढचं मोडणं टळायची शक्यता त्यानं चांगली वाढते. आणि हाडाला भार लागतो, चालणं, वजन उचलणं, जमिनीवर पाय आपटणं. पोहणं छातीला उत्तम, पण पाण्यात माणसाचा भार पाणीच घेतं, हाडाला काम उरत नाही. हे मी माझ्या पदरचं लिहीत नाही.

गोळी आठवड्यातून एकदा. सकाळी रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही. मी मावशीशेजारी जाऊन उभी राहते. दोघी गप्प. तिला सवय आहे.

मावशीला परत उंच केलंय. सुतारानं कापलेल्या जागी नव्या लाकडाचा तुकडा जोडला. पांढरा आहे, उठून दिसतो. त्यानं एवढंच विचारलं, "आता नक्की?"

वाटणीचं तू लिहिलंस ते खरं आहे. मी ते दोनदा वाचलं. मावशी तुला कोणी देऊ केली नाही, आणि मला ती मिळाली म्हणून मी कधी विचारही केला नाही. राखाडी कापड उरलंय. तुझा कोट होईल. पण दुकानात आख्ख्या गल्लीचं माप आहे आणि तुझं नाही.

मी सरळ लिहिते. मला भीती वाटते. माझ्या पाठीची नाही, ती आता माहितीतली झाली. तू आईसारखी एका वळण्यात जाशील आणि आपण अजून 'हं' आणि 'बरं' वरच असू, याची.

आता तुझंच पत्र काढ आणि तलावाचं लिहिलंयस ते परत एकदा वाच. मॅनेजरला काही विचारू नकोस. दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहा.

तुझी,
ताई

&nbsp;

मंगळवार, १५ एप्रिल, संध्याकाळ

ताई,

तुझं पत्र वाचून मी ते ड्रॉवरमध्ये टाकलं आणि तलावावर गेले. उथळ भागात उतरले. पाणी काखेला. मॅनेजर काठावरून बघत होता, आज भांडण किती वाजता सुरू होतंय म्हणून. मी काही बोलले नाही. तो घाबरला बहुतेक.

घरी येऊन चौकटीला पाठ लावली. ह्यांना डोक्यावर पट्टी धरायला सांगितली. तलावावर नोकरीला लागताना माझी उंची मोजली होती, तो आकडा मला तोंडपाठ आहे, कारण तिथल्या बायकांत मी सगळ्यांत उंच होते. ह्यांनी आकडा सांगितला. मी म्हटलं, पट्टी वाकडी धरलीत. त्यांनी परत धरली. तोच आकडा. मी म्हटलं, चौकट खचलीय. हे म्हणाले, "फर्निचर." तुझी सगळी पत्रं त्यांनी ड्रॉवरमधून काढून वाचली होती. मी आधी चिडले, मग तिथेच चौकटीत बसून इतकी हसले की पोटात दुखलं. मग रडले. हे पट्टी धरून उभेच.

डॉक्टरीणबाईंच्या ज्या प्रश्नाला तुला उत्तर देता आलं नाही, ते आता देते. माझी पाळी चाळिशी लागता लागताच गेली. ह्यांच्याशिवाय कोणाला माहीत नाही. आम्ही तेव्हा अजून आशेवर होतो. मागची छोटी खोली रंगवून ठेवली होती, पिवळी. आई दर फोनला विचारायची, मी 'बघू' म्हणायचे. पुढे तिनं विचारणं सोडलं. तू कधी विचारलंच नाहीस. मला वाटायचं, हिला काही पडलेलं नाही. आता वाटतं, तू मला अवघडवायचं नाही म्हणून गप्प राहिलीस. आपल्या घरात गप्प राहण्यालाच माया म्हणायचे, कळायचं कसं?

इथले डॉक्टर म्हणाले, इतक्या लवकर पाळी जाणं आणि आईचा मोडलेला खुबा, दोन्ही एकत्र म्हणजे तुम्ही केव्हाच यायला हवं होतं. उद्या सकाळची वेळ दिलीय.

दवाखान्यात मी जे बोलले ते बोलले. मला कोणावर तरी ओरडायचं होतं आणि तू समोर होतीस. त्या दिवशी तुझ्या बाहीला एक टाचणी तशीच अडकलेली होती. मी ती बघितली आणि तरी बोलले. काटकीच्या आवाजाचं तू आधी सांगायला हवं होतंस. मी ऐकलं असतं की नाही, ते मात्र मला माहीत नाही.

मला उद्याची भीती वाटते. आईवर गेलेली निघेन याची. आणि ताई, एक सांगते, हसू नकोस. लहानपणी तुम्ही दोघी दुकानात नसायच्या तेव्हा मी मावशीच्या अंगावरचे कपडे काढून घालून बघायचे. खांद्यात अडकायचे. एकदा शिवण उसवली आणि आई तुला रागावली. मला आईवरच जायचं होतं. बाबांवर गेलीस, असं सगळे कौतुकानं म्हणायचे, आणि मला ते घराबाहेर उभं केल्यासारखं वाटायचं. आता उद्या जर यंत्रानं सांगितलं की नाही, तू आतून तिचीच आहेस, तर मी घाबरू की काय करू?

कोणावर गेले ते सकाळी. तोवर नुसतीच,

धाकटी

बुधवार सकाळ. मशीनवर निजले. खुबा भक्कम आहे. मणके पातळ, त्यातला एक थोडा दबलेला. मी म्हटलं, खुबा बाबांचा, मणके आईचे. डॉक्टर म्हणाले, असं म्हणत नाहीत. पण वेळेत आलात म्हणाले. औषध आजपासून. तिथून तलावापर्यंत पायी गेले आणि मॅनेजरला सांगितलं, पाणी बरोबर आहे. शनिवारी कोटाच्या मापाला येते. ठोकळा बाहेर काढून ठेव. मी त्यावर उभी राहीन, म्हणजे तुला वाकावं लागणार नाही.